तीन फूट दोन इंचांचं घर

सुट्टीवर निघण्यापूर्वी शेरेसाहेबांनी बायकोला शब्द दिला होता की चार दिवस कचेरीचं नाव काढणार नाही. तो शब्द आपण तंतोतंत पाळला, असं त्यांचं आजही प्रामाणिक मत आहे. कारण त्या चार दिवसांत ते ज्या कचेरीत सात वेळा जाऊन आले ती त्यांची नव्हतीच, परक्या गावातली होती.

शेरेसाहेब हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बांधकाम परवानगी विभागात सतरा वर्षं ते लोकांच्या घरांचे नकाशे तपासत आले होते आणि लाल शाईने शेरा मारल्याशिवाय त्यांनी एकही नकाशा पुढे सरकू दिला नव्हता, म्हणून हे नाव. 'जिना अरुंद.' 'खिडकी शेजाऱ्याच्या न्हाणीघराकडे उघडते.' 'उत्तर दिशा दाखवलेली नाही.' उत्तर दिशेवर तर त्यांचा फार जीव. माणूस मात्र सरळ. अर्जदाराचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. 'चहा घेणारा साहेब परवडला, निदान तो सही तरी करतो,' अशी लोकांची कुरकुर होती, आणि ती ते घरी आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे.

तर अशा या माणसाच्या मुलीला, म्हणजे दुसरीतल्या ताईला, शाळेत 'माझे बाबा' या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. तिने तीनच लिहिल्या. 'माझे बाबा कचेरीत जातात. तिथे लोक घर बांधू का असं विचारतात. बाबा नाही म्हणतात.' बाईंनी वहीत लाल चांदणी काढून दिली. बायको इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. शेरेसाहेबही हसले, पण त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. कारण ओळी खऱ्या होत्या. हजारो घरं त्यांच्या टेबलावरून गेली, पण त्यांनी स्वतः आयुष्यात एक वीट दुसऱ्या विटेवर ठेवली नव्हती. राहतं घर भाड्याचं. स्वयंपाकघरातली फळीसुद्धा बायकोने ठोकलेली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "समुद्रावर गेलो की मी तुम्हा दोघांना घर बांधून देणार. वाळूचं. दार असलेलं. आत बसता येईल असं."

ताई बापाचीच लेक. तिने लगेच अटी घातल्या. आत साडेतीन वर्षांचा धाकटा उभा राहिला तरी बाहेरून दिसता कामा नये, कारण आई दुधाचा पेला घेऊन आली की दोघांनाही लपायचं होतं. धाकट्याला दाराच्या चौकटीला टेकवून मोजलं. तीन फूट एक इंच भरला. म्हणजे भिंत तीन फूट दोन इंच. शेरेसाहेबांनी आकडा वहीत लिहून खाली रेघ ओढली. मुलीला दिलेला शब्द म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे, आणि या एका घरावर आपली बापपणाची सगळी इभ्रत लागलेली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुट्टीची जागा छान होती. बंदराच्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, वर जायला लोखंडी जिना, आणि खिडकी उघडली की समोर समुद्र. बायको रुग्णालयात परिचारिका. तीन मैत्रिणींशी पाळ्या बदलून तिने हे चार दिवस मिळवले होते. पोहोचल्या पोहोचल्या तिने उशी झटकली आणि सांगितलं, "मला झोपायचंय. जाग आली तर वाचायचंय. कुणाला ताप आला, तरच मला उठवा."

शेजारच्या खोलीत एक निवृत्त ठेकेदार उतरले होते. सत्तरी ओलांडलेले, पण हाताचे पंजे फावड्याएवढे. त्यांना सगळे काकाच म्हणत. काकांनी उभ्या आयुष्यात चाळीसेक इमारती बांधल्या होत्या. त्यातल्या किती परवानगी घेऊन, हे शेरेसाहेबांनी विचारलं नाही, कारण सुट्टी होती.

दुपारी मुलांना घेऊन शेरेसाहेब किनाऱ्यावर गेले. सोबत काकाही आले. ओहोटीची ओली वाळू पसरली होती. पन्नास मुलं किल्ले, विहिरी, बोगदे करण्यात दंग होती. छत्र्यांच्या रांगेपुढे दहा पावलांवरची एक मोकळी जागा काकांनी पायाने दाबून पाहिली आणि पसंत केली. धाकट्याने बादली उपडी केली. एवढ्यात शेरेसाहेबांना पाटी दिसली. गंजलेल्या खांबावर ती पाटी बहुधा त्यांचीच वाट पाहत उभी होती. 'किनाऱ्यावर विनापरवाना बांधकाम करण्यास सक्त मनाई आहे.'

"काका, हे पाहिलंत?"

"अहो, ते टपऱ्यावाल्यांसाठी आहे."

"पाटीवर तसं लिहिलेलं नाही."

"साहेब, त्या पाटीच्या खांबालाच टेकून त्या पोरांनी किल्ला केलाय."

"ते अनधिकृत आहेत," शेरेसाहेब म्हणाले. "त्यांचं त्यांच्यापाशी. मी या खात्यातला माणूस. उद्या कुणी बोट दाखवलं तर? मी फक्त विचारून येतो. पाच मिनिटं."

आता हे 'विचारून येतो' जे आहे ना, ते सामान्य माणसाला सुचत नाही. सामान्य माणूस पाटी वाचतच नाही, आणि वाचलीच तर तिच्यावर ओला टॉवेल वाळत घालतो. पण ज्याने सतरा वर्षं लोकांना 'आधी विचारलंत का?' असं खडसावलं, त्याने न विचारता बादली भरायची म्हणजे धर्मसंकटच. शेरेसाहेब चपलांतली वाळू झटकून किनारा कार्यालयात गेले.

कार्यालय बंदराच्या कोपऱ्यावर होतं. एक खोली, दोन कपाटं, आणि कपाटांवर छतापर्यंत गठ्ठे. तो ओळखीचा वास नाकात शिरला आणि शेरेसाहेबांना माहेरी आल्यासारखं वाटलं. आवक-जावकच्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या.

"वाळूचं घर बांधायला परवानगी लागते का?"

"कुणासाठी?"

"लहान मुलांसाठी."

बाई हसल्या. "बांधा की खुशाल."

इथे गोष्ट संपली होती. दुसरा कुणीही 'आभारी आहे' म्हणून परत फिरला असता आणि तासाभरात भिंत गुडघ्याला लागली असती. शेरेसाहेब मात्र जागचे हलले नाहीत. ते म्हणाले, "हे लेखी मिळेल का?"

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. इतका वेळ त्या एका बापाशी बोलत होत्या, आता समोर प्रकरण उभं होतं. "लेखी हवं असेल तर अर्ज लागेल."

"किती प्रतींत?" शेरेसाहेबांनी उत्साहाने विचारलं.

तीन प्रती, सोबत नकाशा. गावात कागदाची दुकानं दुपारची बंद, म्हणून धाकट्याची चित्रकलेची वही कामाला आली. पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर शेरेसाहेबांनी खिडकीशी बसून एकास वीस प्रमाणात नकाशा काढला. दार, भिंतीची जाडी, पावसाचं पाणी जायला उतार. उत्तर दिशा तर तीन ठिकाणी दाखवली. संध्याकाळी बाईंनी कागद उलटसुलट पाहिले आणि सवयीने जिथे मोठी आकृती दिसली तिथे आवकचा शिक्का मारला. तो बसला धाकट्याच्या जांभळ्या हत्तीच्या पोटावर. धाकट्याला वाटलं हत्ती पास झाला. तो इतका खूश झाला की त्याने दोन हत्ती आणखी काढून दिले, आणि ताईचं तोंड एवढंसं झालं.

"आता घर?" बाहेर पडल्यावर ताईने विचारलं.

"आता फाईल झाली," शेरेसाहेब समाधानाने म्हणाले. "फाईल झाली म्हणजे अर्धं घर झालंच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी त्रुटी काढली. लगतच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा ना हरकत दाखला जोडलेला नाही. शेरेसाहेबांना राग येण्याऐवजी कौतुकच वाटलं. ही त्रुटी त्यांनीही काढली असती, आणि पहिल्या दिवशीच काढली असती.

शेजारी म्हणजे छत्र्यांखालची माणसं. उजव्या छत्रीत काका होते. त्यांनी न वाचता सही ठोकली आणि वर सल्ला दिला, "साहेब, दार समुद्राकडे नको. पाणी आत येईल." डाव्या छत्रीत एक आजी विणकाम करत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून नकाशा नीट पाहिला. "भिंत केवढी?"

"तीन फूट दोन इंच."

"मग माझ्या वाऱ्याचं काय?"

शेरेसाहेब चमकले. इतक्या वर्षांत शेजाऱ्याचा उजेड, शेजाऱ्याचं सांडपाणी, शेजाऱ्याची मांजर इथपर्यंत हरकती आल्या होत्या. वारा मात्र त्यांनी कधी विचारात घेतला नव्हता. आजींचं म्हणणं रास्त होतं. त्यांनी तिथेच बसून भिंतीचा कोन बदलला, तीनही नकाशांवर दुरुस्ती केली, आजींना दोनदा समजावून दिलं. आजींनी मग आपल्या तीन मुलांच्या घरांच्या हकीकती सांगितल्या, दोन सुनांविषयी मत दिलं आणि जेवायची वेळ झाल्यावर सही केली. तोवर मुलांनी नुसताच एक खड्डा खणला होता. त्यात धाकटा बसला होता.

दाखला घेऊन शेरेसाहेब कार्यालयात गेले तर बाई जेवायला. बाई आल्या तर शिक्का कपाटात, किल्ली साहेबांकडे, साहेब दौऱ्यावर. चार वाजता शिक्का निघाला. बाईंनी दाखला वाचला आणि विचारलं, "या आजी अजून तिथेच आहेत ना?"

"म्हणजे?"

"दाखला दाखल करायच्या वेळी शेजारी जागेवर असायला हवेत."

शेरेसाहेब धावत किनाऱ्यावर गेले. आजी दुपारच्या गाडीने घरी गेल्या होत्या. डाव्या छत्रीत आता एक नवं जोडपं होतं, एकमेकांकडे पाहत बसलेलं. त्यांना हरकत-ना हरकत काहीच नव्हतं, त्यांना शेरेसाहेब नको होते. त्यांनी पाठ फिरवूनच सही दिली.

संध्याकाळी बायको उठली. "बांधलं का घर?"

"बहुतेक झालंच. फक्त काही औपचारिकता."

"कुणाची औपचारिकता?"

शेरेसाहेबांनी मूग गिळले. पण धाकट्याला ते कुठे माहीत. तो पेला पुढे करून म्हणाला, "आई, दुधात त्रुटी आहे." बायकोने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात ती ज्या नजरेने ताप मोजते, तीच नजर. मग ती पुस्तक उघडून बसली. पण पान उलटल्याचा आवाज जरा मोठाच आला.

तिसऱ्या दिवशी बाईंनी भरतीरेषेचा दाखला मागितला. तो बंदर कार्यालयात मिळतो आणि बंदर कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या जाड मिशांच्या गृहस्थांनी तक्ता काढला, जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही जागा दिवसातून दोनदा समुद्राची असते. त्याची संमती घेतलीत?"

"ती कुठे मिळते?" शेरेसाहेबांनी वही काढली. गृहस्थ थट्टा करत होते हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा वहीत 'समुद्र' असं लिहून झालं होतं.

दाखला मिळाला. स्थळपाहणी दुपारी साडेचारला ठरली. शेरेसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. निरीक्षक म्हणजे एक सडपातळ, नम्र गृहस्थ, वेळेवर आले. डोक्यावर टोपी, हातात टेप, बगलेत फाईल, फाईलीत हत्ती. फक्त साडेचारला भरती होती. जागेवर कमरेएवढं पाणी होतं आणि त्यात एक माणूस पोहत होता. निरीक्षक काठावर उभे राहिले, समुद्राकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि त्यांनी लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी केली असता जागा आढळून आली नाही.'

"अहो, जागा आहे. खाली आहे," शेरेसाहेब म्हणाले.

"मी जे दिसतं तेच लिहितो," निरीक्षक म्हणाले.

हेच वाक्य शेरेसाहेबांनी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल याची मोजदाद नाही. समोरच्या बाजूने ते ऐकायला इतकं वाईट लागतं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. पुन्हा कार्यालयात जाऊन त्यांनी ओहोटीच्या वेळी फेरपाहणीचा अर्ज दिला, पोहोच घेतली आणि खांदे पाडून किनाऱ्यावर आले.

पाणी उतरायला लागलं होतं. छत्र्यांच्या मागे, कोरड्या वाळूत, ताई उपड्या बादलीवर बसली होती. पुढ्यात फळकुट, फळकुटावर एक चपटा शिंपला. समोर सात-आठ मुलांची रांग. प्रत्येकाच्या हातात बादली नाहीतर फावडं. धाकटा रांग सरळ करत होता.

"किल्ला करायचाय," पहिला मुलगा म्हणाला.

"केवढा?" ताईने विचारलं.

"एवढा."

"एवढा म्हणजे केवढा? मोजून आण. आणि उत्तर कुठेय?"

मुलाने इकडेतिकडे पाहिलं. ताईने शिंपला फळकुटावर आपटला. "उद्या या."

मुलगा हिरमुसला होऊन परत गेला. पुढचा सरकला. त्यालाही 'उद्या या'. ताईचा आवाज शांत होता, मान किंचित डावीकडे कललेली. ती मान कुणाची, हे शेरेसाहेबांना आरशात रोज दिसत होतं. मुलीचा चेहरा तर फारच आनंदी होता, आणि तेच त्यांना सहन होईना. आतापर्यंत पोरीने बापाविषयी तीन ओळी लिहिल्या होत्या, आता ती बाप होऊन बसली होती. शेरेसाहेबांना लाज वाटली. अशी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती, अगदी भर सभेत वरिष्ठांनी झापलं तेव्हासुद्धा नाही. ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "ताई, मला घर बांधायचंय."

ताईने शिंपला उचलला, थांबली आणि विचारलं, "बाबा, खरंच बांधणार की नुसतं विचारणार?"



चौथ्या दिवशी सकाळी दहाला ते कार्यालयात गेले. संध्याकाळी सातला परतीची गाडी. बाईंनी लिफाफा दिला. आत टंकलेखन केलेला निर्णय. वाळूच्या तात्पुरत्या रचनांना अडीच फूट उंचीपर्यंत परवानगीची आवश्यकता नाही. अर्जदाराची प्रस्तावित उंची तीन फूट दोन इंच असल्याने, तसेच जागा आढळून न आल्याने, प्रकरण नामंजूर.

शेरेसाहेबांनी ते दोनदा वाचलं. मसुदा उत्तम होता. एक शब्द इकडचा तिकडे करण्यासारखा नव्हता.

"अडीच फुटांचं बांधा ना," बाई कळवळून म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्याच. "आठ इंचांनी काय होतंय?"

"आठ इंच कमी केले तर माझा मुलगा दिसेल," शेरेसाहेब म्हणाले. बाईंना यातलं काही कळलं नाही. शेरेसाहेबांनी निर्णयाची घडी घातली, खिशात ठेवली, बाईंना नमस्कार केला आणि किनाऱ्यावर येऊन काकांच्या छत्रीसमोर उभे राहिले.

"काका, परवानगी नाकारली."

"मग?"

"मग कुठून सुरुवात करायची, ते सांगा."

काकांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि बाह्या सारल्या. "आधी तो शर्ट काढा. आणि हातातला टेप ठेवा खिशात, तो शेवटी लागतो."

पाणी पार दूर गेलेलं. काकांनी खोलीतली तुटक्या कडीची बादली आणून तिचा तळच कापून काढला. तिच्यात ओली वाळू भरायची, पाणी घालायचं, फळकुटाने चोपायची, बादली अलगद वर उचलायची, की वाळूचा गोल ठोकळा तयार. त्याच्या शेजारी दुसरा. वर तिसरा. ऐकायला सोपं. शेरेसाहेबांची पहिली भिंत पंधरा मिनिटांत बसली. दुसरी त्याहून लवकर बसली.

"पाणी कमी," काका म्हणाले.

"किती घालायचं? प्रमाण काय?"

"प्रमाण हाताला कळतं."

हे वाक्य कुठल्याही नियमावलीत नव्हतं. शेरेसाहेबांनी मूठभर वाळू घेऊन दाबली, सोडली, पुन्हा दाबली. दहाव्या मुठीला त्यांच्या हाताला खरोखरच काहीतरी कळलं. ते काय कळलं हे त्यांना आजही सांगता येत नाही, पण तिसरी भिंत उभी राहिली. ताई पाणी आणत होती, धाकटा चोपत होता आणि मधूनच स्वतःलाही चोपून घेत होता. शेरेसाहेबांची पाठ लालेलाल झाली, नखांत वाळू गेली, गुडघे सोलले. ते सतरा वर्षांत झाले नव्हते इतके खूश होते.

दोन वाजता बायको त्यांना शोधत आली, हातात पाव आणि चहाचा थर्मास. गेल्या तीन दिवसांचा हिशेब ती चुकता करणार होती, वाक्यंही तयार होती. पण समोर आपला नवरा उघडाबंब, वाळूने माखलेला, समुद्रातून डबा भरून आणताना तिने पाहिला आणि ती वाक्यं विसरली.

"मंजुरी मिळाली?"

"नाही मिळाली."

"आणि तरी बांधताय?"

"हो."

तिने थर्मास खाली ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "सरका. असं चोपतात का? तुम्ही वाळूला विनंती करताय." माणसं उचलून उचलून तिच्या मनगटात ताकद आलेली होती. ती आल्यावर काम दुप्पट वेगाने व्हायला लागलं. काका आता नुसते छत्रीत बसून 'डावीकडे घ्या' एवढंच म्हणत होते.

चार वाजता घर उभं राहिलं. जाड भिंती, रस्त्याच्या बाजूला दार, वर छत म्हणून बायकोची ओढणी, कडांना दगड. मुलं रांगत आत शिरली. शेरेसाहेबांनी टेप काढला, पण त्याआधी बाहेरूनच हाक मारली, "धाकट्या, उभा राहा."

"राहिलोय," आतून आवाज आला. दिसलं काहीच नाही. ओढणीसुद्धा हलली नाही.

शेरेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाळू गेली असेल, असं ते बायकोला म्हणाले.

साडेचारला निरीक्षक आले. निर्णयाची अंमलबजावणी पाहायला येणं त्यांना भागच होतं. त्यांनी घराभोवती एक चक्कर मारली, ओढणीकडे पाहिलं, मग शेरेसाहेबांना बाजूला घेऊन आवाज उतरवला. "साहेब, मी अडीच फूट लिहितो. अडीचला काहीच लागत नाही. फाईल बंद. तुम्ही सुटलात, मीही सुटलो."

सतरा वर्षं लोक याच गोष्टीसाठी शेरेसाहेबांपुढे हात जोडत होते. दुसरा कुणी असता तर त्याने निरीक्षकांना तिथेच मिठी मारली असती.

"मोजा," शेरेसाहेब म्हणाले.

"अहो, पण..."

"टेप लावा. मी इकडून धरतो."

टेप लागला. तीन फूट दोन इंच. समुद्राच्या बाजूला तर सूतभर जास्तच.

"साहेब, मग मला नोटीस द्यावी लागेल," निरीक्षक काकुळतीने म्हणाले.

"द्या. त्यात उंची नीट लिहा. आणि बांधणाऱ्याचं नाव पूर्ण लिहा."

"असं कुणी मागून घेतं का?"

"माझ्या नावावर एकही बांधकाम नाही हो," शेरेसाहेब म्हणाले. "हे पहिलंच."

निरीक्षकांनी फाईलीतून छापील नोटीस काढली. मांडीवर फाईल ठेवून, सावकाश, सुवाच्य अक्षरात भरली. शेवटी एक रकाना होता. 'सदर बांधकाम आपण केले आहे काय?' शेरेसाहेबांना तो रकाना तोंडपाठ होता. लोक तिथे काय काय लिहीत. मी गावाला गेलो होतो. आधीच्या भाडेकरूने केलं असावं. एकाने तर बांधकाम आपोआप झालं असं लिहून दिलं होतं. खरं उत्तर त्यांच्या टेबलावर कधी आलंच नाही. त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं, 'होय. मी केले आहे.'

खांद्यावरून वाकून पाहणारी बायको म्हणाली, "मी? मग दोन वाजल्यापासून इथे कोण राबलं?"

शेरेसाहेबांनी 'मी' खोडून 'आम्ही' केलं. सरकारी कागदावर खाडाखोड झाली की शेजारी सही लागते, हे निरीक्षकांनी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी सही केली. खाली बायकोने केली. ताईने दारातून डोकं बाहेर काढून आपलं पूर्ण नाव लिहिलं, ते समासात मावेना म्हणून पुढचं अर्धं मागच्या बाजूला लिहिलं. धाकट्याचा ओला अंगठा घेतला.

"चोवीस तासांत पाडावं लागेल," निरीक्षक म्हणाले. बोलताना त्यांनी समुद्राकडे पाहिलं. पाणी वीस पावलांवर आलं होतं. त्यांनी टोपी नीट केली, काकांना नमस्कार केला आणि निघाले. जाता जाता त्यांनी दोनदा वळून घराकडे पाहिलं.

शेरेसाहेबांनी नोटीस नीट घडी करून काकांकडे सांभाळायला दिली, आणि मग ओणवे होऊन दारातून आत शिरले. मागोमाग बायको आली. आत जागा दोघांपुरती होती. पाणी पायाला लागेपर्यंत चौघं बसले.